आता काय करतोस?

‘बॉर्डर झोन’ नावाच्या खेळात तुम्ही काहीच केलं नाही तरी हरता.

हा १९८७ सालचा खेळ, अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीचा. यात एकही चित्र नाही. पडद्यावर चार-सहा ओळींचा इंग्रजी मजकूर येतो आणि त्याखाली एक रिकामी ओळ. तिथे तुम्ही टाइप करायचं : दार उघड. खिसे तपास. खिडकीबाहेर बघ. एंटर दाबलं की पुढे काय झालं ते खेळ सांगतो. याला टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. या जातीच्या इतर खेळांमध्ये तुम्ही विचार करत तासभर बसलात, मध्येच उठून चहा करून आलात, तरी तिथलं जग तुमची वाट बघत थांबलेलं असतं. बॉर्डर झोनमध्ये घड्याळ चालू राहतं. काय टाइप करावं याचा विचार करत बसलात, तर तेवढ्यात पहारेकरी डब्याच्या दाराशी येऊन उभा राहतो.

डबा रेल्वेचा. फ्रॉब्निया नावाच्या एका काल्पनिक कम्युनिस्ट देशातून गाडी निघालीय, सीमा ओलांडून लिट्झेनबर्ग नावाच्या तटस्थ देशात चाललीय. तुम्ही अमेरिकन व्यापारी. कशात नाही, कोणाच्या बाजूला नाही. तेवढ्यात एक जखमी माणूस डब्यात घुसतो, एक कागद हातात कोंबतो आणि सांगतो, हा सीमेपलीकडे पोचव. एका राजदूताच्या खुनाचा कट शिजतोय. हा झाला पहिला भाग. दुसऱ्या भागात तुम्ही तोच जखमी हेर असता. तिसऱ्यात थेट समोरच्या पार्टीत, सोव्हिएत हेर. घटना एकच, पण तिघांना तिचे वेगवेगळे तुकडे दिसतात. खेळाच्या खोक्यात फ्रॉब्नियाचं एक पर्यटक-पुस्तकही असायचं. तिथल्या काल्पनिक भाषेतली कामापुरती वाक्यं त्यात दिलेली होती. मार्क ब्लँक नावाच्या माणसानं हे सगळं रचलं. खेळ आला तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती. १९८९ मध्ये ती पडली आणि त्याच वर्षी इन्फोकॉमलाही टाळं लागलं.

मी हा खेळ गारखेड्यात, सूतगिरणी चौकापासून पाच मिनिटांवर असलेल्या आमच्या घरात, आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवत खेळतोय. त्याचं कारण अगदी साधं आहे. आजोबांना दिसत नाही.

त्यांचं वय ८७. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. उभा जन्म कोर्टात कारकुनी केली, म्हणजे वाचण्या-लिहिण्यावरच जगले. आता सकाळी रेडिओ, दुपारी झोप, संध्याकाळी गजानन महाराजांच्या मंदिराकडून येणारा आरतीचा आवाज, आणि मध्ये खूप लांबलचक काहीच नाही. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, म्हणजे दिवसभर त्यांच्या शेजारच्या खोलीतच असतो. एकदा त्यांनी विचारलं, त्या फोनमध्ये एवढं काय करत असतोस. मी म्हटलं, गेम खेळतोय. कोणता? मी सांगायला लागलो तर त्यांना त्यात रस वाटेना. गोळ्या घालायच्या, पळायचं, पुन्हा गोळ्या घालायच्या. मग म्हटलं, एक जुना आहे, त्यात दिसायला काहीच नाही, नुसतं लिहिलेलं.

“मग वाच की मोठ्यानं.”

जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ आजच्या फोनवर चालतो तरी कसा, असं तुम्हाला वाटलं असेल, तर ती एक मस्त गोष्ट आहे. १९७९-८० च्या सुमारास बाजारात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा होता, एकावरचा खेळ दुसऱ्यावर चालायचा नाही. प्रत्येकासाठी नव्यानं खेळ लिहीत बसण्याऐवजी इन्फोकॉमच्या लोकांनी एक कॉम्प्युटर कल्पनेत बांधला. झेड-मशीन त्याचं नाव. हे मशीन कुठल्याच दुकानात नव्हतं. सगळे खेळ त्याच्यासाठी लिहायचे आणि खऱ्या मशीनवर फक्त त्याची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा. खरी मशीनं भंगारात गेली, न बांधलेलं मशीन टिकलं. आज फोनवर तेवढा छोटा प्रोग्रॅम टाकला की झालं. डेटा खात नाही, जाहिरात येत नाही. लाइट गेली तरी खेळ बंद पडत नाही, आणि आमच्या भागात हा मुद्दा बारीक नाही.

या प्रकाराची सुरुवात १९७६ च्या आसपास विल क्राउदर नावाच्या प्रोग्रॅमरनं केली. त्याला गुहांमध्ये उतरण्याचा नाद होता. घटस्फोट झाल्यावर आपल्या दोन मुलींना खेळता यावं म्हणून त्यानं एक गुहा शब्दांत लिहून काढली. हेरगिरीसुद्धा यात लवकरच आली. स्कॉट अ‍ॅडम्सच्या मालिकेतला तिसरा खेळ, १९७९ चा, ‘मिशन इम्पॉसिबल’ याच नावाचा होता. त्याला एका वेळी दोनच शब्द कळायचे, एक क्रियापद आणि एक नाम. इन्फोकॉमच्या खेळांना पूर्ण वाक्यं कळू लागली. तरी त्यांचीही एक हद्द होती. ओळखीबाहेरचा शब्द टाकला की खेळ थंडपणे सांगतो : हा शब्द मला माहीत नाही.

हे उत्तर आजोबांना फार आवडलं. “आमच्या एका साहेबाचं असंच होतं,” ते म्हणाले. “अर्ज बरोबर असायचा, पण त्याला पाहिजे तो शब्द नसला की परत.”

वाचायचं म्हणजे भाषांतर करत वाचायचं. मजकूर मराठीत सांगायचा, ते जे म्हणतील त्याचं इंग्रजी करून टाइप करायचं, आणि हे सगळं भराभर, कारण घड्याळ चालू. पहिल्या तीन वेळा आम्ही पकडले गेलो ते निव्वळ माझ्या भाषांतराच्या वेगामुळे. पकडले गेल्यावर मी आधी सेव्ह केलेल्या जागी परत गेलो, तेव्हा ते एकदम सावरून बसले.

“म्हणजे परत मागं जाता येतं?”

“येतं. जिथे सेव्ह केलं असेल तिथपर्यंत.”

“बरं आहे,” म्हणाले आणि गप्प झाले.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांनी मला मध्येच तोडलं. पहारेकरी डब्याची झडती घेत होता आणि मी ते वाचत होतो. “असं नसतं,” ते म्हणाले. “झडतीला आलेला माणूस आधी सामान बघत नाही. आधी तोंडं बघतो.”

इथे थोडं आमच्या सीमेबद्दल सांगायला हवं. तुमच्यापैकी बरेच जण मनमाड-संभाजीनगर प्रवासात ती ओलांडतात आणि त्यांना पत्ताही नसतो. हे शहर, तेव्हाचं औरंगाबाद, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतरही भारतात नव्हतं. मनमाड मुंबई प्रांतात, म्हणजे भारतात. दोन्हींच्या मधून निजामाच्या रेल्वेची मीटरगेज गाडी जायची. औरंगाबादहून निघालं की दौलताबाद, लासूर, परसोडा, रोटेगाव. रोटेगाव हे वैजापूरचं स्टेशन, संस्थानातलं. पुढे नगरसूल, ते येवला तालुक्यात, मुंबई प्रांतात. या दोन स्टेशनांच्या मधे कुठेतरी देश बदलायचा. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे संस्थानाचं जकात खातं, त्याला करोडगिरी म्हणत. स्टेट काँग्रेसच्या लोकांनी हद्दीबाहेर कॅम्प उभे केले होते, मनमाडलाही होता. तिथून निरोप, पत्रकं, बाहेर छापलेली बंदी असलेली वर्तमानपत्रं आत जायची आणि आतल्या बातम्या बाहेर यायच्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आता त्या दिवशी सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन होतं आणि आम्हाला सुट्टी असते.

आमच्या घरात १७ सप्टेंबरला आजोबांची गोष्टही व्हायची. दरवर्षी तीच, चार वाक्यांची. मी दहा वर्षांचा होतो. मामाबरोबर लासूरहून मनमाडला चाललो होतो, दशम्यांच्या गाठोड्यात चिठ्ठी होती. रोटेगावला शिपायानं विचारलं तेव्हा मी फाडफाड उर्दूत उत्तर दिलं आणि त्यानं सोडून दिलं. बस. आम्ही टाळ्या वाजवायचो, आई शिरा वाढायची. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की तिच्यात काही पाहायचं राहिलं असेल असं कधी वाटलंच नाही.

आपल्याकडे गुप्तहेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात आणि बहिर्जी म्हटलं की वेषांतर. फकीर, गोंधळी, वासुदेव. बॉर्डर झोनच्या पहिल्या भागातला व्यापारी मात्र कोणाचाच वेष घेत नाही. तो जो आहे तोच राहतो आणि तेवढ्यानंच कामाला येतो. दहा वर्षांचं उर्दू बोलणारं पोर हा त्यातलाच प्रकार. शाळेत उर्दू शिकावीच लागायची, म्हणून येत होती. व्यापाऱ्यासारखं पर्यटक-पुस्तक खिशात ठेवायची गरज नव्हती. आजही आजोबा मनातल्या मनात हिशेब करतात तो उर्दूत, पुटपुटताना ऐकू येतो.

तर माझ्या डोक्यात आलं, फ्रॉब्नियाची गाडी बास झाली. आपण रोटेगावची करू. मराठीत.

कामाच्या दृष्टीनं हे वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. इंग्रजी हुकुमात क्रियापद पहिलं येतं, मशीननं पहिला शब्द पकडला की अर्धं काम झालं. मराठीत ते शेवटी येतं, हरकत नाही, शेवटचा शब्द पकडू. पण मधल्या शब्दांचं काय? दार, दाराला, दारात, दारामागून. पाणी, पाण्यात, पाण्यावाचून. इंग्रजीत हे संबंध सुटे शब्द दाखवतात, आपल्याकडे ते नामाला चिकटतात आणि चिकटताना नामाचा चेहराही बदलतात. शाळेत सामान्यरूप पाठ करताना वैताग आला होता, त्याचा उपयोग असा समोर उभा राहील असं वाटलं नव्हतं. ‘गाठोड्यातून चिठ्ठी काढ’ एवढं समजायला मशीनला ‘गाठोड्यातून’मधून ‘गाठोडं’ सोडवता यायला हवं. ते मी बऱ्यापैकी जमवत आणलं होतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. इंग्रजी खेळ म्हणतो, यू. तुम्ही डब्यात बसले आहात की तू डब्यात बसला आहेस? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. मी आजोबांना जन्मात कधी एकेरी हाक मारलेली नाही, आमच्याकडे ती पद्धतच नाही. त्यामुळे ‘तुम्ही’ लिहिलं. प्रोग्रॅम बाजूला ठेवला, कारण तो पुरा होईपर्यंत थांबायला आजोबांकडे वेळ आहे असं मला काही धरून चालता येत नव्हतं. एका पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढले, लासूरपासून मनमाडपर्यंत, आणि ठरवलं की मशीन मीच होतो. मी सांगायचं काय दिसतंय, त्यांनी सांगायचं काय करायचं.

“तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले आहात,” मी सुरू केलं. “लाकडी बाक. खिडकीतून कोळशाची कणी येतेय. शेजारी मामा आहे. आता काय करता?”

ते हसले. “अरे, मी दहा वर्षांचा आहे ना? दहा वर्षांच्या पोराला कोण अहो-जाहो करतं? तू म्हण.”

मी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग म्हटलं. आता काय करतोस?

कान तापले माझे, खरं सांगतो. त्यांना मात्र काहीच वाटलं नाही, उलट आवाजच बदलला. बाहेर बघतो, म्हणाले. काय दिसतं, मी विचारलं. खरं तर हे सांगायचं काम माझं होतं, पण तेच सांगायला लागले. ज्वारी. सोंगून टाकलेली. रुळाकडेला म्हशी. मामाचं धोतर नवं होतं आणि तो सारखा गुडघ्यावर हात पुसत होता. पंचाहत्तर-सत्त्याहत्तर वर्षं चार वाक्यांत बसलेली गोष्ट त्या संध्याकाळी परसोड्यापर्यंत यायला अर्धा तास लागला. मी नवं काहीच विचारत नव्हतो. टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरमध्ये खेळाडू जे तीन-चार प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, तेच उलटे विचारत होतो. इथे काय आहे. ते जवळून कसं दिसतं. तुझ्याजवळ काय काय आहे.

शेवटचा प्रश्न या खेळांमधला नेहमीचा. इंग्रजीत त्याला इन्व्हेन्टरी म्हणतात. कधीही विचारा, तुमच्याकडच्या वस्तूंची यादी मिळते. मी रोटेगावच्या चौकोनावर पेन्सिल ठेवली आणि तोच विचारला.

“दशम्यांचं गाठोडं,” ते म्हणाले. “टोपी. खिशात दोन बोरं.”

“पाणी?”

“तांब्या होता की. फिरकीचा.” मग थांबले. “तांब्या माझ्याजवळ नाही.”

“मामाजवळ?”

“नाही. त्या माणसाजवळ.”

मी कागदाकडे बघितलं. कागदावर मामा होता, शिपाई होता. चार वाक्यांच्या गोष्टीत आणखी कोणी माणूस कधीच नव्हता.

परसोड्याला चढला होता, ते म्हणाले. पंचविशीचा असेल. घामेजलेला, थंडीचे दिवस असून. समोरच्या बाकावर बसला, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यानं वरून धार धरून प्यायलं, फिरकी लावली आणि तांब्या परत द्यायच्या ऐवजी मांडीवर धरून बसला. रोटेगावला शिपाई आत आला. आधी तोंडं बघितली. मग मला विचारलं, कहाँ जा रहे हो. मी म्हटलं, मनमाड, खाला के घर. साथ में कौन है? मामू. मग त्यानं त्या माणसाच्या मांडीवरचा तांब्या बघितला. आमच्या तांब्यावर आजीचं नाव घातलेलं होतं, मराठीत, त्याला वाचता आलं नसेल. पण बाईमाणसाच्या घरचा तांब्या एकट्या गड्याकडे कसा, एवढं त्याला कळलं असेल. मला विचारलं, और ये? ये भी साथ है?

“मग?”

“मी म्हटलं, मालूम नहीं.”

खरंच होतं ते. माहीत नव्हतंच. शिपायानं त्या माणसाला खाली उतरवलं. तांब्यासकट. गाडी सुटली, नगरसूल आलं, लोक मोठ्यानं बोलायला लागले. मनमाडला चिठ्ठी पोचली. तिच्यात काय होतं ते त्यांना तेव्हाही कोणी सांगितलं नाही. रात्री अंथरुणावर मामा म्हणाला, तो आपल्यातला होता बहुतेक. ‘बहुतेक’ असंच म्हणाला. सकाळी त्यानं तो विषय काढला नाही, पुढे कधीच काढला नाही. घरी परतल्यावर आईनं तांब्याचं विचारलं तेव्हा या पोरानं सांगितलं, गाडीत राहिला. मार खाल्ला.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. तुम्ही लहान होता, खरं तेच बोललात, दुसरं काही बोलला असता तर मामा आणि चिठ्ठी दोन्ही गेले असते. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळा सुचलेलं असणार, हे कळण्याइतकी अक्कल त्या वेळी सुदैवानं होती. मी गप्प बसलो. बाहेर क्रीडा संकुलाच्या बाजूनं पोरांचा गलका येत होता.

“रोटेगावला परत ने,” आजोबा म्हणाले.

“अं?”

“मागं जाता येतं ना? शिपाई आत आलाय. तिथं ने.”

मी पेन्सिल परत त्या चौकोनावर ठेवली. गाडी रोटेगावला उभी आहे, मी म्हटलं. शिपाई आत येतो. तोंडं बघतो. तुला विचारतो, कहाँ जा रहे हो. त्यांनी उत्तर दिलं. साथ में कौन है? मामू. शिपायाचं लक्ष तांब्याकडे जातं. और ये? ये भी साथ है? आता काय करतोस?

या वेळी ते थांबले नाहीत. “हाँ,” म्हणाले. दहा वर्षांच्या पोराचा आवाज काढला नाही, स्वतःच्याच आवाजात म्हणाले. “ये भी मामू है. छोटे मामू.”

आता माझी पाळी होती.

इन्फोकॉमच्या खेळात पुढे काय होईल ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मार्क ब्लँकनं पहारेकऱ्याच्या प्रत्येक हालचालीला वेळ नेमून दिलीय, हे टाइप केलं तर हे, ते टाइप केलं तर ते. माझ्या कागदावर रोटेगावच्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं. शिपाई मान डोलावून पुढच्या डब्यात जातो, असं म्हणणं माझ्या हातात होतं. एक वाक्य. तो तिघांनाही खाली उतरवतो, हेही एक वाक्यच. पहिलं म्हटलं असतं तर ८७ वर्षांच्या माणसाला मी सांगितलं असतं की तुमच्या एका शब्दावर तो वाचला असता. दुसरं म्हटलं असतं तर दहा वर्षांच्या पोराला पकडून दिलं असतं. आणि ते कान देऊन बसले होते, मान जराशी डावीकडे कलती करून, रेडिओला बसतात तसे.

“शिपाई तुझ्याकडे बघतो,” मी म्हटलं. “मग त्याच्याकडे बघतो.”

“हं.”

“मग...”

“थांब,” ते म्हणाले. “आत्ता नको सांगू. सेव्ह करून ठेव.”

मी कागदावर रोटेगावच्या चौकोनात तारीख लिहिली आणि कागद त्यांच्या रेडिओखाली सरकवला. त्याला आता तीन आठवडे झाले. तो कागद तिथेच आहे, त्यांनी काढायला सांगितला नाही, मीही विचारलं नाही. ‘तू’ मात्र संपलं, पुन्हा ‘तुम्ही’वर आलोय. परवा संध्याकाळी त्यांनीच बॉर्डर झोन लाव म्हणून सांगितलं. पहिला भाग कसाबसा पार पडला होता, म्हणून दुसरा काढला. यात आपण तो जखमी माणूस असतो, तो कागद देऊन गेलेला. सीमा समोर आहे आणि मागावर माणसं आहेत. मी पहिला परिच्छेद वाचला, घड्याळ सुरू झालं, मी विचारलं, आता काय करता.

“आधी बघ,” ते म्हणाले, “याच्याजवळ पाणी आहे का.”